पाठ म्हटलेला कागद

मोजणीमामांना नमुना नऊ तोंडपाठ होता, तोही चालीसकट. ‘मी खाली सही करणार लिहून देतो की’ इथे आवाज चढायचा. ‘सदरहू जागा सरकारी मालकीची असून’ हे एका दमात. मग ‘तीवर माझा वहिवाटीचा ताबा आहे’ म्हणताना जरा थांबून समोरच्याकडे बघायचं, जणू त्याचंच घर त्याला बक्षीस देतोय. ‘सदरहू ताबा पुढील पाच वर्षांकरिता कायम ठेवावा ही विनंती.’ इथे श्वास. आणि शेवटचं ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व मान्य आहे’ हे, जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या माणूस जसा धडधडत उतरतो, तसं.

कागद हातात असायचा. डोळे मात्र कागदावर नसायचे. ते कधी दाराच्या चौकटीवर, कधी आत, चहा कुठवर आला ते बघायला.

मामा सरकारी जमीन कार्यालयात मोजणीदार होते. तेहतीस वर्षं. त्यांचं एक पाऊल बरोबर अडीच फुटांचं, आणि ते अंगात इतकं मुरलेलं की बायकोला दवाखान्यात नेतानासुद्धा त्यांनी फाटकापासून तिच्या खाटेपर्यंत एकशे बारा पावलं मोजली होती. बायको गेली, आकडा राहिला. कार्यालयातल्या खिळ्यावर त्यांची लोखंडी साखळी टांगलेली होती. आता तिपाईवरचं यंत्र आलं होतं, पण मामा रोज सकाळी साखळीला एकदा हात लावून मगच खुर्चीत बसायचे.

जुन्या पंपघराच्या मागे घरांची एक ओळ होती. एकतीस घरं. जमीन सरकारची. कधीकाळी पाण्याचा मोठा नळ घालायला म्हणून घेतलेली; नळ दुसरीकडून गेला, जमीन उरली, त्यावर माणसं राहायला आली. ओळीतलं चौदावं घर मामांच्या थोरल्या बहिणीचं. आई लवकर गेली तेव्हा मामांना वाढवलं ते या अक्कानेच. तिचा नवरा पंपघरात कामाला होता. तो गेल्यावर तिने शिवणयंत्र घेतलं आणि अख्ख्या ओळीचे उसवलेले खिसे शिवून दिवस काढले. तिची मुलगी ‘मामा, मामा’ करायची, म्हणून शेजारची पोरं करायला लागली, म्हणून त्यांचे आईबाप करायला लागले. मुलगी लग्न होऊन लांब गेली. मामा मात्र सगळ्या ओळीचे मामा होऊन बसले, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठ्या असलेल्यांचेसुद्धा.

दर पाच वर्षांनी मामा नमुना नऊचा गठ्ठा घेऊन ओळीत यायचे. घर मोजायचं, ‘आहे तसंच आहे’ लिहायचं, कागद वाचून दाखवायचा, सही घ्यायची. वाचून दाखवायचा हा नियमच होता, कारण तो झाला तेव्हा अर्ध्या ओळीला वाचता येत नव्हतं. मग गठ्ठा जमीन अधिकारी साहेबांच्या टेबलावर जायचा. जुन्या साहेबांचे तीन ‘हं’ होते. पहिला ‘हं?’ म्हणजे हे काय आणलंस. दुसरा ‘हं…’ म्हणजे जेवणाची वेळ झाली. आणि तिसरा ‘हं.’ म्हणजे मुदत वाढवली. तेवढ्या तिसऱ्या ‘हं’वर एकतीस चुली पाच वर्षं निर्धास्त पेटायच्या. तो अधिकार कायद्याने साहेबांचा होता आणि साहेबांना त्याचं काही विशेष वाटत नसे.

ओळीतली पोरं मामांची नक्कल करायची. नाक चिमटीत धरून ‘सदर्रहू’ म्हणायचं की झाले मामा. पण सगळ्यांत झकास नक्कल अक्काची. ती यंत्राचं पायडल मारता मारता, तोंडात दोरा धरून, ‘तो मला समजला व मान्य आहे’ अशी म्हणायची की मामाच आत शिरलेत असं वाटून बाहेरच्या बाया पदर सावरायच्या.

*

मग कायदा बदलला.

बदलला म्हणजे एके दिवशी सकाळी हेडक्लार्कच्या टेबलावर शेहेचाळीस पानांचं राजपत्र येऊन पडलं. त्यासोबत एक वही: प्रत्येकाने ‘वाचले’ असं लिहून सही करायची. हेडक्लार्क हे कार्यालयातलं एक वेगळंच प्रकरण होतं. ते कशावरही मत द्यायचे आणि दिल्यावर लगेच ते आपल्या अंगावरून झटकायचे.

“काय बदललं हो?” मामांनी ‘वाचले’ लिहिता लिहिता विचारलं.

“साहेबांचा एक हात तोडला नि दुसरा लांब केला. असं आपलं माझं मत.”

“जरा माणसांच्या भाषेत सांगा.”

“मुदत वाढवायचा अधिकार इथून गेला. राजधानीत मंडळ बसलंय म्हणे, ते वाढवणार. आणि हटवायचा अधिकार इथे आला. पूर्वी कुणाला हटवायचं म्हटलं तर सुनावणी, मग वरची सुनावणी, मग त्याच्या वरची. तेवढ्यात साहेब निवृत्त. आता साठ दिवस. खलास.”

“आणि आपला नमुना नऊ?”

“आहे की. तुमचं लाडकं बाळ. हा काय, नवा गठ्ठा आलाय.”

मामांनी गठ्ठा उचलला. तोच फिका हिरवा रंग. तीच लांबी. खाली उजवीकडे सहीची तीच चौकट. पहिली ओळ बघितली, ‘मी खाली सही करणार लिहून देतो की’. शेवटची बघितली, ‘तो मला समजला व मान्य आहे’. दोन्ही जागच्या जागी. रस्त्याची दोन्ही टोकं दिसली की मोजणीदार समजतो, मधे रस्ता असणारच. मामांनी गठ्ठ्याला दोरी बांधली.

“म्हणजे कागद आता लांब जाणार,” ते म्हणाले. “तेवढंच ना?”

“तेवढंच,” हेडक्लार्क म्हणाले. “असं आपलं माझं मत.” राजपत्र त्यांनी उघडलं होतं ते मधोमध, पंख्याने बाकीचे कागद उडू नयेत म्हणून वजनासारखं ठेवायला.

नवे साहेब त्याच महिन्यात आले होते. वयाने मामांच्या निम्मे, वागायला फार चांगले. शिपायालासुद्धा ‘प्लीज’ म्हणायचे. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘बेसिकली’ने सुरू व्हायचं आणि पुढे जे यायचं त्यात काहीही बेसिक नसायचं. त्यांनी मामांना बोलावून सांगितलं, “बेसिकली मामा, पंपघराच्या मागची ओळ आधी घ्या. तुमचा तिथे रॅपो आहे.”

रॅपो म्हणजे काय ते मामांनी हेडक्लार्कना विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, “जवळीक. असं आपलं—”

“माझं मत,” मामा म्हणाले आणि गठ्ठा घेऊन निघाले.

*

दोन दिवसांत तीस सह्या झाल्या. मामा दारोदार सांगत होते, “लवकर करा बाबांनो, आता कागदाला लांबचा प्रवास आहे. पोचायला हवा.” लोक करत होते. कुणी पिठाचे हात पुसून, कुणी अर्धी दाढी झालेली असताना. कागद वाचायची पद्धत कुणालाच नव्हती. वाचायचं काम मामांचं होतं आणि मामा म्हणत होतेच.

अक्काच्या घरी मामांनी सुरू करायच्या आत तिनेच सुरू केलं. “मी खाली सही करणार…”

“तुला येतंय तर तूच जा कार्यालयात माझ्या जागी.”

“जाईन की. सात महिने उरलेत तुझे. निवृत्तिवेतन मला दे, घरी बस.”

“सही कर, सही कर.”

दोघं मग एकदमच म्हणत गेली, ती त्यांच्यापुढे एकेक शब्द धावत. ‘पुढील पाच वर्षांकरिता’ला तिने बोटं नाचवली. “पाच म्हणजे मी किती होईन रे? चौर्‍याहत्तर. बास झालं. त्याच्या पुढची पाच नाही मागणार मी सरकारकडे.” आणि तिने खडू धरायच्या पद्धतीने पेन धरून सही केली, जणू कापड बेतत होती.

शेवटचं घर उरलं. ओळीच्या टोकाचं, एकतिसावं. तिथे घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे राहायचे. जन्मभर त्यांनी कशालाच हो म्हटलेलं नव्हतं; आजवरच्या सह्यासुद्धा ‘नको’ म्हणतच केलेल्या. चहा घेता? नको. बरं आहे का? कुठलं. आज गरम होतंय नाही? नाही. ओळ त्यांना पाठीमागे नन्ना म्हणायची. तोंडावर काका.

“वाचू का, काका?”

“नको.”

“वाचावं लागतं हो, नियम आहे.”

“मग कागद इकडे द्या. माझे डोळे शाबूत आहेत.”

नन्नांनी घड्याळाचं भिंग डोळ्यात बसवलं आणि कागद नाकाशी धरला. भिंतीवर नऊ घड्याळं होती, प्रत्येकाची वेळ वेगळी. मामा पायरीवर बसले, उठले, दारापासून नळापर्यंतची पावलं मोजून आले. अठरा. नन्ना अजून वाचत होते. ओळीतली चार माणसं गंमत बघायला जमली.

“तुम्ही जे घराघरांत म्हणताय,” नन्ना म्हणाले, “ते यात नाही.”

“म्हणजे कुठे गेलं?”

“मला काय माहीत कुठे गेलं. यात नाही. यात पाच वर्षं नाहीत. साठ दिवस आहेत.”

“ते साठ दिवस मंडळाला उत्तर द्यायला असतील, काका.”

“मला नाही तसं वाटत.”

“तुम्हाला कधी काय वाटलंय?” मामा हसले, आणि ते हसले म्हणून जमलेले चौघंही हसले. “काका, ते भिंग घड्याळाचं आहे. त्यातून बघितलं की सगळं उलटंच फिरताना दिसतं.”

हा विनोद ओळीत आठवडाभर चालला. अक्कालाही तो फार आवडला. तिने त्यात नन्नांचा आवाज घालून त्याला आणखी धार लावली. नन्ना तीन-चार दारांत जाऊन सांगून आले, कागद परत मागून घ्या, परत वाचा. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं पाण्याच्या वेळेपासून पोरांच्या खेळापर्यंत सगळ्याला नाही म्हटलं, त्याचं हे नाही वेगळं होतं हे कुणाला कसं कळावं? मामांनी नमुन्यावर लिहिलं, ‘इसमाने सही करण्यास नकार दिला’. बाकी तीस नमुन्यांवर, सहीच्या चौकटीखाली, नियमाप्रमाणे लिहिलं: ‘मी स्वतः वाचून दाखवले’. आणि स्वतःची सही केली. तीस वेळा.

*

एक्केचाळिसाव्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

“बेसिकली अभिनंदन, मामा. एकतीसपैकी तीस. संमतीचं एवढं प्रमाण कुठल्याच कार्यालयात नाही. वरून विचारणा झाली, कसं जमवलंत म्हणून.”

“संमती कसली, साहेब?”

“ताबा सोडण्याची.”

मामा हसले. साहेबही हसले, सौजन्याने. मग मामा हसायचे थांबले आणि साहेबही थांबले.

“बसा ना, प्लीज,” साहेब म्हणाले.

मामा बसले नाहीत. त्यांनी साहेबांच्या टेबलावरचा वरचा हिरवा कागद उचलला. तो अक्काचा निघाला. आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मामांनी नमुना नऊ वाचला.

मी खाली सही करणार लिहून देतो की, सदरहू जागा सरकारी मालकीची असून तीवर माझा ताबा विनापरवाना आहे. सदरहू ताबा मी साठ दिवसांचे आत स्वखुशीने सोडीन व त्याबाबत सुनावणीचा हक्क मागणार नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व मान्य आहे.

खाली अक्काची सही. तिच्याखाली त्यांची.

“साहेब, मी हे वाचलं नाही.”

“म्हणजे?”

“लोकांना हे वाचून दाखवलं नाही. मी जुनं म्हटलं. पाठ होतं ते.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा खरंच उतरला. ते वाईट नव्हते, आणि तीच तर पंचाईत होती. वाईट असते तर मामांना कुठे तरी डोकं आपटता आलं असतं.

“तसं लिहून देतो मी,” मामा म्हणाले. “मी खोटं प्रमाणपत्र दिलं असं लिहून देतो. तीस. मग सह्या रद्द करा तुम्ही.”

“मामा, तुमचे सात महिने राहिलेत.”

“साडेपाच.”

“बेसिकली हे लिहून दिलंत तर तुमची चौकशी लागेल.”

“लागू दे. सह्या रद्द होतील ना?”

साहेब उठून खिडकीशी गेले. खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसत होता, दुसरं काही नाही. “जुन्या कायद्यात माझ्या जागेवरचा माणूस हा कागद फाडू शकत होता,” ते म्हणाले. यावेळी बेसिकली म्हणायचं ते विसरले. “मुदत वाढवू शकत होता, सुनावणी लावू शकत होता, नुसता ड्रॉवरमध्ये ठेवून विसरूही शकत होता. आता सही झालेल्या कागदाला मी हात लावू शकत नाही. मंडळाकडे अर्ज करायची मुदत पंधरा दिवस होती, ती गेली. तुमचा जबाब मी पाठवतो. पण त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबायचा अधिकार मला नाही. हटवायचा आहे. थांबवायचा नाही.”

“मग तुम्ही साहेब कशाचे?” मामांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

साहेबांनी ड्रॉवरमधून कोरे कागद काढून त्यांच्यापुढे ठेवले.

मामांनी जबाब लिहिला. तीन पानं. हेडक्लार्कनी तो आवक-जावकला चढवला आणि पहिल्यांदाच कसलंही मत दिलं नाही. मंडळाचं उत्तर पुढे पाच महिन्यांनी आलं. शिक्का, जावक क्रमांक, आणि दोन शब्द: नोंद घेतली.

*

मामा अक्काकडे गेले तेव्हा ती पांढऱ्या शर्टाची बाही जोडत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कार्यालयात अहवाल देतात तसं, कुठेही न थांबता. तिने शिवण शेवटपर्यंत नेली, सुई वर केली, दोरा दाताने तोडला.

“नन्ना म्हणत होते ते हेच?”

“हो.”

“आणि आपण हसलो.”

“हो.”

“तू जास्त हसलास.”

“हो, अक्का.”

तिने शर्ट उलटा करून शिवण बघितली. “मला वाटायचं, तू बघतोस चौकटीकडे, पण मनात वाचतोस. मास्तर लोक फळ्याकडे पाठ करून वाचतात ना, तसं. लहानपणी तुला मीच पाढे पाठ करायला बसवायचे. चुकलास की टाळूवर टिचकी. कशाला इतकं पाठ करायला लावलं कोण जाणे.”

“अक्का, मार मला हवं तर.”

“सत्तावन्न वर्षांच्या घोड्याला मारून माझाच हात दुखायचा.” ती उठून चूल पेटवायला गेली आणि तिथेच, पाठ करून, बराच वेळ काडी न ओढता बसली.

संध्याकाळपर्यंत ओळभर झालं. मामांना वाटलं होतं लोक अंगावर येतील. कुणी आलं नाही. तिसऱ्या घरातल्या गवंड्याने एवढंच विचारलं, “मामा, तुम्हाला तरी ठाऊक होतं का?” मामा नाही म्हणाले. गवंडी म्हणाला, “मग आम्ही कुणावर चिडायचं, तेवढं सांगा.” दोघं-तिघं जण कार्यालयात जाऊन आले, साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि जे मामांना सांगितलं होतं तेच सांगितलं. त्यानंतर मामा ओळीतून जायला लागले की कुठल्या तरी खिडकीतून नाक चिमटीत धरलेला आवाज यायचा, ‘सदर्रहू’. आता तो पोरांचा नव्हता. मोठ्या माणसांचा होता, आणि त्यात गंमत नव्हती.

उरलेल्या दिवसांत एकेक घर रिकामं होत गेलं. कुणी मेव्हण्याकडे, कुणी कामाच्या जागी पत्रे उभे करून. माणसं जाताना दाराला कुलूप लावत होती. का लावत होती, त्यांनाही सांगता आलं नसतं.

*

एकसष्टाव्या दिवशी सकाळी यंत्रं आली. दोन पिवळी, एक लांब हाताचं. साहेब हेल्मेट घालून एका बाजूला उभे होते. तिपाईवरच्या यंत्राने नव्या पोरसवदा मोजणीदाराने हद्द दाखवून दिली होती. मामांना चुन्याच्या रेघेवरून चालायचं एवढंच काम होतं. ते चालले. पहिल्या घरापासून तिसाव्यापर्यंत तीनशे चोवीस पावलं. एकतिसाव्याच्या अलीकडे रेघ थांबत होती. नन्नांची सही नव्हती, म्हणून नन्नांना सुनावणी होती, आणि सुनावणी होईपर्यंत त्यांच्या विटेला कुणाचा हात लागणार नव्हता. कायद्यात तसं स्पष्ट होतं. सगळ्या ओळीत कागदावर विश्वास न ठेवणारा एकच माणूस निघाला आणि कागदाने त्यालाच तेवढं वाचवलं होतं.

अक्काचं सामान आदल्या दिवशी मामांच्या दोन खोल्यांत गेलं होतं. शिवणयंत्र उरलं होतं. ते मामांच्या दारातून आत जात नव्हतं, दोन बोटं जास्त होतं. मामांनी मोजून बघितलं होतं, तरी नेऊन बघितलं होतं. नन्ना स्वतः येऊन म्हणाले, “इकडे ठेवा.”

“नको, काका,” अक्का म्हणाली. “तुमची घड्याळं—”

“नको वगैरे म्हणायचं नाही. ते माझं काम.” आणि त्यांनी यंत्राची एक बाजू उचलली. दुसरी मामांनी उचलली. ठेवून होईपर्यंत नन्नांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मग म्हणाले, “माझ्या जागेची मोजणी तुम्हीच कराल का?”

“मला देणार नाहीत आता.”

“बरं,” नन्ना म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मामांनी पहिल्यांदाच ऐकला.

चौदावं घर पडायला चार मिनिटं लागली. अक्का नन्नांच्या पायरीवर बसून बघत होती. भिंत पडली तेव्हा आतला निळा रंग उन्हात आला. तिनेच दिलेला, कपाटाच्या मागे कमी पडला होता तो चौकोनही दिसला. “बघ, तिथे राहिलाच होता,” ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली नाही.

दुपारी साहेब फाइल घेऊन आले. त्यात नमुना अकरा होता. गुलाबी. जागा मोकळी झाल्याचा दाखला. नव्या कायद्याप्रमाणे, ज्याने संमती घेतली त्यानेच सही करायची.

“मी नाही करणार,” मामा म्हणाले.

“मामा, प्लीज.” साहेब हळू आवाजात बोलत होते. “चौकशी आधीच लागलीय. ती मी कशी तरी ठपक्यावर भागवेन. पण ही सही नाकारलीत तर निलंबन. मग निवृत्तिवेतन माझ्या हातात राहत नाही. आणि दाखला काय, तुम्ही निलंबित झालात की तुमच्या जागी दुसरा कुणीही येऊन करेल.”

“तर मग त्यालाच करू दे.”

मामांना बरं वाटत होतं. गेल्या वीस दिवसांत पहिल्यांदाच. नाही म्हणताना छातीत काहीतरी सरळ झाल्यासारखं वाटत होतं. नन्ना जन्मभर हे सुख एकटेच भोगत आले, असं त्यांच्या मनात आलं.

पायरीवरून अक्का उठली. चुन्याची रेघ ओलांडून आली.

“काय नाही करणार?”

“सही.”

“का?”

“तुझं घर पाडल्याच्या कागदावर मी सही करू?”

“घर पडलंय. ते बघ तिकडे. तू सही केलीस न केलीस, ते उठून उभं राहणार नाही.” तिने पदराने मानेवरचा घाम पुसला. “मी कुठे राहायचंय आता? तुझ्याकडे. खायचंय काय? तुझं. तुझं निवृत्तिवेतन गेलं तर मी तुझ्या दोन खोल्यांत बसून काय चौकट चघळू? तुझं मन मोकळं व्हायचं म्हणून मी उपाशी राहू होय?”

“अक्का—”

“मी तुझ्या शब्दावर सही केली. मान वर करून विचारलं नाही. आता तू माझ्या शब्दावर कर.”

साहेबांनी फाइल पुढे केली. मामांनी पेन घेतलं. कागदावर हात नेला, नेहमीच्या जागी, खाली उजवीकडे.

“थांब,” अक्का म्हणाली. “आधी वाच.”

“काय?”

“वाच. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

यंत्रवाल्याने इंजिन बंद केलं होतं. पत्र्यांच्या, विटांच्या ढिगांपाशी आपलं काही राहिलं का बघायला आलेली दहा-बारा माणसं होती. गवंडी होता. मामांनी कागद वर धरला. घसा खाकरला आणि आवाज आपोआप चढला, ‘मी खाली सही करणार’…

“चाल नको,” अक्का म्हणाली.

मामा थांबले. त्यांनी तर्जनी पहिल्या शब्दाखाली ठेवली. पहिलीतलं पोर ठेवतं तशी. आणि एकेक शब्द उचलून वाचायला लागले. “मी… खाली… सही करणार… दाखला देतो की… सदरहू…” इथे कुणीतरी नाक चिमटीत धरेल असं त्यांना वाटलं. कुणी धरलं नाही. “सदरहू जागेवरील… तीस… बांधकामे… माझ्या समक्ष… काढून टाकण्यात… आली असून…” त्यांना चष्मा लागत होता, तो कार्यालयात राहिला होता. अक्षरं जवळ घ्यावी लागत होती. “सदरहू जागेवर… आता… कोणाचाही… कसलाही… ताबा… राहिलेला नाही.”

“संपलं?”

“अजून एक ओळ आहे.”

“मग वाच की.”

“वरील मजकूर,” मामा म्हणाले, “मी स्वतः… वाचला.”

अक्काने त्यांच्या हातातला कागद घेतला, फाइलवर सरळ केला आणि वारा येत होता म्हणून दोन्ही कोपरे आपल्या बोटांनी दाबून धरले, कापड बेतताना धरायची तसे.

“आता कर,” ती म्हणाली.